पंचवीस हजार फुटांवरचा चहा

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिणं झालं नाही. दोघातिघांनी निरोप पाठवून विचारलंही, "सर, तब्येत बरी आहे ना?" तब्येत उत्तम आहे. गेला महिनाभर मी विमान चालवतोय, म्हणून सवड मिळाली नाही.

हसू नका. नातवाने नवा संगणक घेतला आणि जुना माझ्या खोलीत आणून ठेवला. त्यात मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर आहे, २०२० साली आलेली आवृत्ती. सोबत एक जॉयस्टिकही दिली. "आजोबा, तुम्ही आयुष्यभर नकाशे शिकवलेत, आता वरून बघा," म्हणाला. पहिले आठ दिवस मी फक्त आपटत होतो. सौ. स्वयंपाकघरातून विचारायची, "पडलं का पुन्हा?" आता मात्र बऱ्यापैकी उडतो. कृष्णा-कोयनेचा संगम पाहून झाला, महाबळेश्वर झालं, कोकणकडा झाला. मग हौस वाढली आणि मी हिमालयाकडे वळलो.

सुरुवात केली ती सेसना १७२ या चार माणसांच्या छोट्या विमानाने. जगातली निम्मी माणसं विमान चालवायला याच्यावरच शिकली असावीत, इतकं ते सर्वत्र दिसतं. त्याला एक इंजिन आणि एक पंखा. मोठ्या प्रवासी विमानात जशी आतली हवा दाबून भरलेली असते तशी यात नसते. बाहेर जी हवा तीच आत. नव्या सेसनाची मर्यादा साधारण १४,००० फुटांची. त्या उंचीकडे जाताना विमानाची जी दमछाक होते ती सिम्युलेटरने इतकी हुबेहूब दाखवली आहे की मलाच धाप लागल्यासारखं झालं. आधी मिनिटाला सहाशे-सातशे फूट चढणारं विमान तेरा हजारांवर जेमतेम शंभर-दीडशे फूट चढतं. नाक जरा जास्त वर केलं की थरथरायला लागतं.

इथे एक लाल मूठ असते, इंधन आणि हवा यांचं प्रमाण ठरवणारी. वर जावं तशी हवा विरळ होते, पण इंधन तेवढंच येत राहतं. मग इंजिन भरून येतं, अडखळतं. तेव्हा ती मूठ हळूहळू बाहेर ओढायची, म्हणजे इंधन कमी होतं आणि इंजिन पुन्हा सुरात येतं. ज्यांनी रॉकेलचा स्टोव्ह वापरलाय त्यांना हे लगेच कळेल. हवा कमी पडली की ज्योत पिवळी होते आणि भांड्याला काजळी धरते, तोच प्रकार. माझा धाकटा भाऊ एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये होता. तो म्हणायचा, "दादा, इंजिन आधी हवा खातं, मग तेल." ही मूठ बघून तो खूश झाला असता.

सातवीच्या वर्गाला हवेचा दाब शिकवताना मी फळ्यावर एक उभा बाण काढायचो. समुद्रसपाटीला जेवढा दाब, त्याच्या निम्मा १८,००० फुटांवर आणि साधारण एक तृतीयांश एव्हरेस्टच्या माथ्यावर. प्राणवायूचा हिस्सा सगळीकडे एकवीस टक्केच असतो, पण शंभरातले एकवीस आणि तेहतीसातले एकवीस टक्के यांत फरक आहेच की! हे मी पस्तीस वर्षं शिकवलं. शिकवलं म्हणजे पाठ करून घेतलं, असं आता वाटतं.

सेसना दमली म्हणून मी कॅराव्हॅन घेतली. हीसुद्धा एकाच इंजिनाची, आतली हवा न दाबलेली, पण इंजिन टर्बाइनचं, आणि मर्यादा २५,००० फुटांची. निघालो बिहारमधल्या पूर्णियाहून. पूर्णियाच का, ते पुढे सांगतो. उत्तरेकडे सुमारे अडीचशे किलोमीटरवर एव्हरेस्ट. पंचवीस हजारांवर पोचेपर्यंत बराच वेळ गेला. मधेच सौ.ने चहा आणून दिला. समोर मकालू आणि ल्होत्से, माझ्या हातात बशी, अंगात बंडी. नातू मागे उभा होता. तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही खरे असता तर कधीच गेला असता."

त्याचं खरंच होतं. प्राणवायूविना २५,००० फुटांवर माणसाच्या हातून काही शहाणपणाचं घडेल असा अवधी तीन ते पाच मिनिटांचा असतो. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे साडेबारा हजार फुटांच्या वर अर्ध्या तासाहून जास्त राहायचं तर वैमानिकाने प्राणवायू लावायलाच हवा, आणि चौदा हजारांच्या वर अर्ध्या तासाचीही सवलत नाही. मी तासभर चहा पीत होतो! माझ्या या सिम्युलेटरात इंजिनाला धाप लागते, पंखांवर बर्फ साठतं, वारा विमानाला झोडपतो. चालवणाऱ्याला मात्र काहीही होत नाही.

आता पूर्णियाची गोष्ट. फणीश्वरनाथ रेणूंच्या ‘मैला आंचल’मुळे हे नाव आपल्यापैकी काहींच्या परिचयाचं असेल. त्या कादंबरीच्या एकवीस वर्षं आधी, ३ एप्रिल १९३३ रोजी सकाळी, पूर्णियाजवळच्या लालबालू इथल्या मैदानावरून दोन विमानं एव्हरेस्टवरून उडण्यासाठी निघाली. दोन्ही वेस्टलँड कंपनीची, दोन पंखांच्या जोड्यांची, कापडाने मढवलेली. लेडी ह्यूस्टन नावाच्या धनाढ्य आणि बऱ्याच तऱ्हेवाईक बाईंनी या मोहिमेला पंधरा हजार पौंड दिले होते. विमानं आगबोटीने कराचीला आणली, तिथे जोडली आणि जोधपूर, दिल्ली, अलाहाबादवरून पूर्णियाला नेली. एक विमान क्लाइड्सडेल चालवत होते आणि त्यांच्याबरोबर छायाचित्रं घ्यायला कर्नल ब्लॅकर. दुसऱ्यात वैमानिक मॅकिंटायर आणि चलच्चित्रण करणारा बॉनेट. (हे क्लाइड्सडेल पुढे ड्यूक ऑफ हॅमिल्टन झाले. १९४१ मध्ये हिटलरचा उजवा हात रुडॉल्फ हेस विमानातून स्कॉटलंडमध्ये उतरला तो यांनाच भेटायला. इतिहासात माणसं अशी पुन्हा पुन्हा दारात येऊन उभी राहतात.)

वैमानिकांच्या बैठका उघड्या होत्या. अंगात विजेवर तापणारे कपडे, डोळ्यांवर तापणारे चष्मे, तोंडावर प्राणवायूचा मुखवटा. इंजिनाला जास्तीची हवा दाबून पुरवणारा सुपरचार्जर होता. म्हणजे इंजिनाची सोय झाली होती, माणसाची सोय एका रबरी नळीवर होती.

शिखराजवळ पोचता पोचता खाली ओढणाऱ्या वाऱ्याने विमानं दीड-दोन हजार फूट खाली दाबली. ती पुन्हा चढली, आणि सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी क्लाइड्सडेल यांचं विमान माथ्यावरून गेलं. त्यांच्या सांगण्याप्रमाणे जेमतेम शंभर फुटांवरून.

मागच्या विमानात काय झालं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कॅमेऱ्याशी खटपट करताना बॉनेटचा पाय स्वतःच्याच प्राणवायूच्या नळीवर पडला आणि ती फुटली. त्याला ते कळलं. त्याने हातरुमाल काढून फुटलेल्या जागी गुंडाळला, आणि मग तिथेच खाली कोसळला. मॅकिंटायरला आपला सोबती दिसेनासा झाल्याचं कळलं, पण एकट्याने विमान चालवताना मागे जाणार कसा? त्याचा स्वतःचा मुखवटाही निसटत होता, तो त्याला हाताने धरून ठेवावा लागत होता. खाली उतरत आल्यावर बॉनेट शुद्धीवर आला आणि धडपडत उभा राहिला. बचावला. त्या मोहिमेच्या चित्रपटाला पुढे ऑस्कर मिळालं.

बॉनेटचं नशीब एवढंच की नळी फुटली ती एकदम आणि त्याच्या डोळ्यांदेखत. डोकं चालू होतं तेवढ्यात रुमाल काढायचं सुचलं. प्राणवायू हळूहळू कमी होत गेला असता तर? त्याचं उत्तर त्याच्या अठ्ठावन्न वर्षं आधीच्या एका घटनेत आहे. त्यासाठी विमानातून उतरून बलूनमध्ये बसावं लागेल आणि पूर्णियाहून पॅरिसला जावं लागेल.

१५ एप्रिल १८७५. पॅरिसमधल्या ला व्हिलेतच्या गॅस कारखान्यातून ‘झेनिथ’ नावाचं बलून निघालं. पाळण्यात तिघं होते: गास्ताँ तिसांदिए, सिव्हेल आणि क्रोसे-स्पिनेली. मंडळी अडाणी नव्हती. उंचावर प्राणवायूचं काय होतं याचा त्या काळातला सगळ्यात मोठा जाणकार, पॉल बेर, त्यांच्या पाठीशी होता. बेर लोखंडी कोठीत बसून आतली हवा काढायला लावायचा आणि स्वतःवरच प्रयोग करायचा. एकदा त्याने कोठीत नाडीचे ठोके वीस सेकंद मोजले. मिनिटाचे ठोके काढायला त्या आकड्याला तीनने गुणायचं होतं. ते त्याला जमेना! इतका विद्वान माणूस, पण तीनचा पाढा येईना. मग प्राणवायू हुंगला की सगळं पुन्हा लख्ख. सिव्हेल आणि क्रोसे-स्पिनेली हे दोघंही त्याच्या कोठीत बसून आले होते. म्हणजे पाठ नव्हे, अनुभव घेतलेली माणसं.

बलूनमध्ये प्राणवायू मिसळलेल्या हवेच्या तीन पिशव्या टांगल्या होत्या. ठरलं असं की साठा थोडा आहे, म्हणून गरज वाटेल तेव्हाच घ्यायचा. पॅरिसबाहेर असलेल्या बेरने पत्र लिहून कळवलं की एवढा साठा पुरणार नाही. पत्र पोचलं ते उशिराच.

‘गरज वाटेल तेव्हा’, या तीन शब्दांनी घात केला.

आपला श्वास कोंडला की जीव घाबरा होतो, तो प्राणवायू कमी पडल्यामुळे नव्हे तर आतला कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. उंचावर छाती भात्यासारखी हलत असते, कार्बन डायऑक्साइड बाहेर जातच असतो. त्यामुळे गुदमरल्याची घंटाच वाजत नाही. प्राणवायू कमी होतो आणि त्याबरोबर मेंदूतला तो भाग मंदावतो ज्याने म्हणायला हवं की ‘अरे, काहीतरी चुकतंय’. उलट बरं वाटायला लागतं. तिसांदिएने नंतर नेमकं हेच लिहून ठेवलं. यातना अशा नव्हत्याच, आतून एक आनंद वाटत होता. त्याची टिपणवहीही शिल्लक राहिली. थरथरत्या अक्षरात त्याने नोंदवलंय की हात गोठले आहेत, मी ठीक आहे, आम्ही ठीक आहोत. त्याच्याच पुढच्या ओळींत सिव्हेलने डोळे मिटल्याची आणि क्रोसेनेही डोळे मिटल्याची नोंद आहे!

साडेसात हजार मीटरच्या आसपास सिव्हेलने विचारलं, आणखी वाळू टाकू का? म्हणजे आणखी वर जायचं का? क्रोसे-स्पिनेलीने मान डोलावली. सिव्हेलने दोऱ्या कापल्या, बलून उसळलं. तिसांदिएला मग नळी तोंडाशी न्यायची होती. हात उचलेना. आठ हजार मीटर गाठल्याचं ओरडून सांगायचं होतं. जीभ हलेना. मग शुद्ध गेली. मधे थोडा वेळ जागा झाला तेव्हा बलून खाली येत होतं. मग क्रोसे-स्पिनेली जागा झाला आणि त्याने काय करावं? जड सामान, हाताला लागेल ते बाहेर फेकून दिलं. बलून पुन्हा वर गेलं. तिसांदिए शेवटी पूर्ण शुद्धीवर आला तेव्हा दोघं मित्र पाळण्यात मरून पडले होते. उपकरणांवरून उंची निघाली सुमारे ८,६०० मीटर. तिसांदिए जगला, पण त्याची श्रवणशक्ती गेली ती गेलीच.

पिशव्यांत प्राणवायू उरला होता. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढचा इतिहास थोडक्यात. १९२० मध्ये अमेरिकन वैमानिक श्रोडर उघड्या विमानातून तेहतीस हजार फुटांवर गेला. प्राणवायू संपला, शुद्ध गेली, विमान मैलोनमैल खाली कोसळत आलं, आणि जमिनीजवळ जाग येऊन, डोळे गोठलेल्या अवस्थेत त्याने ते उतरवलं! १९४० पासून आतली हवा दाबलेली प्रवासी विमानं आली आणि आपण तेहतीस हजारांवर शेंगदाणे खाऊ लागलो. छोट्या विमानांत मात्र अजून बेरचाच काळ आहे. म्हणून लष्करी वैमानिकांना कमी दाबाच्या कोठीत बसवतात. आपल्याकडे बंगळुरूच्या वायुसेनेच्या वैद्यकीय संस्थेत अशी कोठी आहे. आत मुखवटा काढायला लावतात आणि वजाबाक्या करायला, नाव लिहायला सांगतात. प्रत्येकाचं पहिलं लक्षण निराळं. कुणाची नखं निळी पडतात, कुणी उगाच हसतो. आपलं लक्षण कोणतं ते ओळखून ठेवायचं. आणि सोबत बाहेरचा कुणीतरी असतो, मुखवटा घातलेला, तो सांगतो, "आता लाव." आपण ठीक आहोत असं आपल्याला वाटतंय, याला तिथे काडीचीही किंमत नसते.

आता जे लिहायचं आहे ते घरच्यांसाठी आहे. इतरांनी वाचायला हरकत नाही.

एप्रिल २०२१. दुसऱ्या लाटेत धाकट्याला कोविड झाला हे सगळ्यांना ठाऊक आहे. घरीच होता, ताप उतरला होता. सहाव्या दिवशी संध्याकाळी त्याचा मला फोन आला. हा फोन मी कुणालाच सांगितलेला नाही, सौ.लासुद्धा नाही. आवाज खणखणीत. उलट नेहमीपेक्षा जास्तच मजेत. म्हणाला, "दादा, ते बोटाला लावायचं यंत्र बिघडलंय. मला एक्याऐंशी दाखवतंय. हिच्या बोटाला लावलं तर सत्त्याण्णव." आणि हसला. "मला तर काहीच होत नाहीये. आत्ताच दोन भाकऱ्या खाल्ल्या. ही म्हणते दवाखान्यात चला. सकाळी बघू, काय?"

वाचताय ना? वहिनीच्या... म्हणजे आमच्या भावजयीच्या बोटाला सत्त्याण्णव. याचा अर्थ यंत्र चांगलं होतं. वर्कशॉपमध्ये पस्तीस वर्षं काढलेला माणूस. एका गाडीतला काटा शंकास्पद वाटला तर तो काढून दुसऱ्या गाडीला लावून बघायचं, हे त्याचं रोजचं काम. दुसऱ्या गाडीत काटा बरोबर चालला तर दोष पहिल्या गाडीत. ते त्याला त्या संध्याकाळी उलगडेना. बेरला तीनने गुणता येईना, तसंच.

त्याचं मी समजू शकतो. मला मात्र प्राणवायू पुरेसा मिळत होता. सातवीला दाब शिकवणारा मी, मी म्हणालो, "बरं, सकाळी जा."

सकाळी त्याला उठवेना. जागा मिळेपर्यंत दुपार झाली. अकराव्या दिवशी तो गेला. रात्रीच नेलं असतं तर वाचला असता का, हे मी नात्यातल्या एका डॉक्टरांना आडवळणाने विचारलं. ते म्हणाले, असं सांगता येत नाही, त्या दिवसांत रात्री खाट मिळाली असती असंही नाही. त्यांनी खरं तेच सांगितलं असणार. पण भावजय त्याला ‘चला’ म्हणत होती. ती बाहेरून बघत होती, तिला दिसत होतं. तिने माझ्यापुढे कधी तक्रारीचा शब्द काढला नाही, कारण त्याने मला विचारलं होतं हे बहुधा तिला माहीतच नाही. पाच वर्षं ती मला म्हणत आलीय, "दादा, मीच हट्ट धरायला हवा होता." आणि मी गप्प बसत आलोय.

तिने हट्ट धरला होता. मोडला तो मी.

परवा पुन्हा पूर्णियाहून निघालो. बारा हजार फुटांवर गेल्यावर विमान वळवलं आणि परत आणून उतरवलं. नातू म्हणाला, "आजोबा, हवामान तर स्वच्छ होतं, का फिरलात?" त्याला म्हटलं, चहा व्हायचाय.

पुतण्या हा ब्लॉग अधूनमधून वाचतो. वाचलंस तर आईला वाचून दाखव, किंवा आधी मला फोन कर. कितीही उशीर झाला तरी चालेल, मी जागाच असतो.